अडाणी कोण : आई की व्यवस्था?

गरोदर बाईकडून बाळाला होणाऱ्या आजारांचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेले असते : 'या वस्त्यांतल्या बायकांमध्ये जागृतीच नाही.' म्हणजे दोष पुन्हा आईचाच! आम्हाला हे वाक्य मान्य नाही. का, ते दक्षिण आफ्रिकेचा इतिहास सांगतो.

एचआयव्ही आईकडून बाळाला गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून जातो. उपचार नसतील तर अशा आईच्या १०० बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना तो होतो. १९९९ साली युगांडातील अभ्यासाने दाखवले की कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि जन्मानंतर तीन दिवसांच्या आत बाळाला त्याच औषधाचा एक डोस दिला, तर हा धोका जवळपास निम्म्याने कमी होतो. २००० साली कंपनीने हे औषध पाच वर्षे फुकट देऊ केले.

तरीही सरकारने ते प्रत्येक प्रांतात फक्त दोन ठिकाणी देण्याचे ठरवले. खासगी डॉक्टर मात्र ते लिहून देऊ शकत होते. म्हणजे पैसेवाल्याचे बाळ वाचणार आणि सरकारी दवाखान्यातल्या गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय आईचे बाळ नशिबावर! वर्णभेदाचे कायदे १९९४ पर्यंत संपले होते, पण विषमता दवाखान्याच्या दारात उभीच होती. त्या काळात दरवर्षी सुमारे ७० हजार बाळांना आईकडून लागण होत असल्याचा अंदाज होता.

१० डिसेंबर १९९८ रोजी, मानवी हक्क दिनी, तिथे 'ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन' ही संघटना स्थापन झाली. तिने वस्त्यांमध्ये विषाणू, औषध आणि हक्क यांचे शिक्षण दिले. बायका 'एचआयव्ही पॉझिटिव्ह' असे छापलेले टी-शर्ट घालून मोर्चात उतरल्या. बाळ गमावलेल्या आयांनीही प्रतिज्ञापत्रे दिली. २००१ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले आणि ५ जुलै २००२ रोजी संविधान न्यायालयाने आरोग्यसेवेच्या हक्काचा आधार घेत सरकारला निर्बंध उठवण्याचा आदेश दिला.

मित्रहो, या आया अडाणी नव्हत्या. त्यांना माहिती होती, औषधही अस्तित्वात होते. अडवणारी व्यवस्था होती. शिकणे, संघटित होणे आणि संविधानाच्या बळावर संघर्ष करणे ही वाट आपल्याला परकी आहे का?

१९२८ साली मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी कामगार आईची विश्रांती हा राष्ट्रहिताचा प्रश्न मानला होता. तिच्यावर दया करा, असे ते म्हणत नव्हते. आईचे आरोग्य ही तिची एकटीची जबाबदारी नाही, ती समाजाची आणि शासनाची आहे, हाच त्याचा अर्थ आम्ही घेतो.

म्हणून जागृती म्हणजे केवळ पत्रके वाटणे नव्हे. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक गरोदर बाईची एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी तपासणी झाली का? बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस मिळाली का? अहवाल गुप्त राहिला का? हे प्रश्न आईला एकदा विचारा आणि आरोग्य केंद्राला दहादा विचारा. उत्तर मिळाले नाही, तर लेखी मागा.

जय भीम!