राख, सुरखी आणि दरसूची

१९९७ च्या मे महिन्यात पूर्व भारतातील एका औष्णिक वीजकेंद्राजवळ सरकारी निवासस्थानांचे काम चालू होते आणि त्याच्या खर्चाची तपासणी माझ्याकडे होती. दुपारी वारा सुटला की राखेच्या तळ्यावरून पांढुरका लोट उठे आणि दोरीवरच्या कपड्यांवर बसे. बांधकामाचे सिमेंट मात्र दूरवरून रेल्वेने येई, आणि निविदेत अट होती : साधे पोर्टलँड सिमेंटच हवे, राखमिश्रित चालणार नाही. कार्यकारी अभियंत्यांना कारण विचारले. ते सौजन्याने म्हणाले, "साहेब, मिश्र सिमेंटने पैसे वाचले तर माझी पाठ कोणी थोपटणार नाही. स्लॅबला तडा गेला तर दक्षतावाले मात्र मलाच शोधत येतील."

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या उत्तरात खोट काढता येत नाही. कमी कार्बनच्या काँक्रीटचा भारतातील इतिहास हा बव्हंशी या एका वाक्याचा इतिहास आहे.

सिमेंटमधील कार्बनचे मूळ क्लिंकरमध्ये आहे. चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजावी लागते. इंधनाचा धूर वेगळाच, पण चुनखडीतूनच निघणारा कर्बवायू त्याहूनही अधिक. म्हणून क्लिंकरचा काही भाग राखेने किंवा भाजलेल्या मातीने भरून काढणे हा सर्वांत सोपा उपाय. तो आपल्याला नवीन नव्हता. १९११ ते १९३१ या काळात उभे राहिलेले म्हैसूरजवळचे कृष्णराजसागर धरण सुरखी-चुन्यात बांधले आहे, आणि सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूडच. १९६२ मध्ये पूर्ण झालेल्या रिहंद धरणाच्या काँक्रीटमध्ये सिमेंटचा काही हिस्सा वगळून राख वापरली गेली. त्याच वर्षी पोझोलाना सिमेंटचे भारतीय मानक, आयएस १४८९, प्रसिद्ध झाले.

म्हणजे कागदावर परवानगी १९६२ पासून होती. व्यवहारात मात्र टंचाई आडवी आली. परवान्यावर मिळणाऱ्या सिमेंटच्या त्या दिवसांत 'राख घातलेले सिमेंट' याचा अर्थ लोकांच्या लेखी 'भेसळीचे सिमेंट' असा झाला. (सिमेंटच्या वाटपावरून महाराष्ट्राच्या एका मुख्यमंत्र्यांना जानेवारी १९८२ मध्ये पद सोडावे लागले होते, हे जुन्या वाचकांना आठवत असेल.) पुढच्याच महिन्यात नियंत्रण अंशतः उठले आणि मार्च १९८९ मध्ये पूर्णतः. टंचाई संपली, किटाळ राहिले. शिवाय राखमिश्रित सिमेंटला ताकद सावकाश येते. ठेकेदाराला सेंटरिंग लवकर काढायचे असते, आणि ज्यादा दिवस पाणी मारण्याचा कंटाळा तर सार्वत्रिक.

सप्टेंबर १९९९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढून वीजकेंद्रांना किमान दहा वर्षे राख विनामूल्य देण्यास बांधले. माझ्या मते निर्णायक ठरला तो हा भाग. क्लिंकरच्या जागी जवळजवळ फुकटचा माल घालता येऊ लागला, आणि जे आवाहनांनी साधले नव्हते ते कारखान्यांच्या हिशेबवहीने साधले. आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीने काँक्रीटमध्ये राखेला स्पष्ट स्थान दिले. मिश्र सिमेंटसाठी पाणी मारण्याचे किमान दिवसही सातऐवजी दहा केले. केंद्रीय लोकनिर्माण विभागाने प्रबलित काँक्रीटसाठी राख व पोझोलाना सिमेंटचे धोरण मे २००४ मध्ये जारी केले. १९६२ ते २००४ : बेचाळीस वर्षे! त्या परिपत्रकाने काँक्रीटचे रसायन बदलले नाही. मिश्र सिमेंट वापरणाऱ्या अभियंत्याला 'मी आदेशाप्रमाणे केले' असे म्हणता येऊ लागले, एवढेच. पण तेवढेच हवे होते.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार १९९६-९७ मध्ये देशात निघालेल्या सुमारे ६.९ कोटी टन राखेपैकी जेमतेम १० टक्के कामी लागत होती. २०२१-२२ मध्ये सुमारे २७ कोटी टनांपैकी ९६ टक्के. यात विटा, रस्ते, भराव सारेच आले, तरी सिमेंटचा वाटा मोठा आहे.

परंतु राख ही कोळशाची सावली आहे. कोळसा घटला की तीही घटेल. म्हणून आता पुन्हा माती. ७०० ते ८०० अंशांना भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी मिसळून क्लिंकर निम्म्यावर आणणारे सिमेंट स्वित्झर्लंडमधील लोझानच्या तंत्रविद्यापीठाने आपल्या आयआयटींच्या सहकार्याने विकसित केले. त्यात कर्बवायूचे उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत घटते. त्याचे भारतीय मानक, आयएस १८१८९, २०२३ मध्ये आले. सुरखीच ती, प्रयोगशाळेतून परतलेली.

गेल्या वर्षी एका बैठकीत एका तरुण अभियंत्याने हे मानक टेबलावर ठेवले आणि उत्साहाने दहा मिनिटे बोलला. सर्वांनी कौतुकाने ऐकले. मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून, चष्मा पुसत, ज्येष्ठांपैकी एकाने विचारले, "दरसूचीत आहे का हे?"