नवस आणि सार्वजनिक निधी : प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाचे उदाहरण

नवस ही केवळ प्रार्थना नव्हे. तो आधी 'बोलला' जातो आणि इच्छा सफल झाल्यावर 'फेडला' जातो. कर्जालाही फेडणे हेच क्रियापद लागते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. भक्त स्वतःला देवाचा ऋणको मानतो. नवसाने संततीची अपेक्षा करणाऱ्यांचा तुकारामांनी उपहास केला; तथापि ही प्रथा क्षीण झाली नाही. इतिहासाच्या अभ्यासकापुढील प्रश्न मात्र निराळा आहे : फेडलेल्या नवसाचे द्रव्य कोणाचे आणि त्याचा विनियोग कोणी ठरवावा?

या प्रश्नाच्या दृष्टीने मुंबईतील प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिराचा इतिहास उद्बोधक आहे. मंदिराची प्रतिष्ठापना गुरुवार, 19 नोव्हेंबर 1801 रोजी झाली. बांधकाम लक्ष्मण विठू यांनी केले; द्रव्य माटुंग्याच्या आगरी समाजातील देऊबाई पाटील यांनी दिले. देऊबाई निपुत्रिक होत्या. आपणांस लाभले नाही ते अपत्यसुख इतर स्त्रियांना लाभावे, हा त्यांचा हेतू होता असे परंपरा सांगते. ही परंपरा ग्राह्य मानल्यास, पुढे 'नवसाला पावणारा' म्हणून ख्याती पावलेल्या या देवस्थानाचा आरंभच नवसाच्या नियमाला अपवाद ठरतो. येथे काही मिळाल्याची फेड नाही. न मिळालेल्या सुखाचे दान आहे.

प्रारंभीचे मंदिर लहान, चौरस आणि विटांचे होते. त्या काळी आजच्या घाटकोपरचा प्रदेश साष्टी बेटात मोडत असे आणि मुंबई बेटाशी साष्टीला जोडणारा शीवचा बांध 1801 मध्ये पुरा व्हावयाचा होता. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेलेला लोहमार्ग याच पट्ट्यातून गेला. 1950 मध्ये महापालिकेची हद्द भांडुप-जोगेश्वरीपर्यंत वाढली व घाटकोपर मुंबईत समाविष्ट झाले. अशा रीतीने एका बेटावरील लहानशा देवळाचे भक्तमंडळ महानगरव्यापी होण्यास आवश्यक ती भौगोलिक भूमिका सिद्ध झाली. आज अंगारकी चतुर्थीस दूरच्या उपनगरांतील भाविक आदल्या रात्रीच पायी निघतात.

भक्त वाढले तसे द्रव्यही वाढले. हिंदू विधीत देवता ही विधिमान्य व्यक्ती असून 1925 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने या तत्त्वाचा स्पष्ट पुरस्कार केला होता. त्यानुसार नवसाचा धनको, म्हणजे देव, हा विधीच्या दृष्टीनेही धनाचा स्वामी ठरतो. परंतु त्याच्या वतीने व्यवहार माणसांनाच करावा लागतो. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थांसंबंधीचा 1950 चा कायदा अस्तित्वात असतानाही 1980 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने या एका मंदिरासाठी स्वतंत्र अधिनियम केला. व्यवस्थापन शासननियुक्त समितीकडे गेले. पुढे रुग्णांना वैद्यकीय साहाय्य देणे हे या निधीचे एक ठळक कार्य झाले. भक्तांनी वाहिलेल्या सुवर्णालंकारांचा लिलाव होऊन त्यांचे रूपांतर रोख निधीत होऊ लागले.

या स्थित्यंतराचे मूल्यमापन एकांगी होऊ नये. घाटकोपरच्या एखाद्या स्त्रीने मुलाच्या आजारपणात बोललेला नवस तिच्या व देवाच्या दरम्यानचा असतो; तिने वाहिलेले सोने कोणा अनोळखी रुग्णाच्या उपचारास लागेल, हे त्या वचनात अंतर्भूत नसते. शासननियुक्त समितीला हे द्रव्य अन्यत्र वळविण्याचा अधिकार कितपत असावा, हा आक्षेपही त्यामुळे निराधार म्हणता येत नाही. तथापि परक्याच्या घरी सुख नांदावे या हेतूने स्वतःचे द्रव्य देणाऱ्या देऊबाईंचे उदाहरण या मंदिराच्या पायाशीच आहे. निधीच्या लोकोपयोगी विनियोगाचे समर्थन करू इच्छिणाऱ्यास अधिनियमाच्या कलमांइतकाच 1801 च्या त्या हेतूचा आधार घेता येईल.