उभी रेषा (निर्देशक भूमिती)

निर्देशक भूमितीत य-अक्षाला समांतर असलेल्या रेषेस उभी रेषा म्हणतात. तिच्यावरील सर्व बिंदूंचे क्ष-निर्देशक समान असतात; म्हणून तिचे समीकरण क्ष = अ असे लिहितात. येथे 'अ' ही स्थिर संख्या आहे. य-अक्ष ही स्वतःही उभी रेषा असून तिचे समीकरण क्ष = ० आहे. उभ्या रेषेचा चढ शून्य नसून अव्याख्यात असतो.

समीकरण

(३, १) व (३, ५) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचे समीकरण क्ष = ३ आहे. समीकरणात 'य' नसणे याचा अर्थ य शून्य आहे असा नव्हे; य ची किंमत कोणतीही असू शकते. य = म·क्ष + क या रूपात ही रेषा लिहिता येत नाही, कारण त्यासाठी चढ 'म' आवश्यक असतो. अ·क्ष + ब·य + क = ० या सामान्य रूपात मात्र ब = ० घेऊन ती मांडता येते.

चढ अव्याख्यात का?

चढ म्हणजे य-निर्देशकांतील फरक भागिले क्ष-निर्देशकांतील फरक. वरील बिंदूंसाठी तो ४ ÷ ० असा येतो. हे उत्तर 'म' मानल्यास म × ० = ४ असावे लागेल; परंतु कोणत्याही संख्येला शून्याने गुणल्यास शून्यच मिळते. दुसरा बिंदू किंचित उजवीकडे सरकवून क्ष-निर्देशकांतील फरक १, ०.१, ०.०१ असा घेतल्यास चढ ४, ४०, ४०० असा वाढतो. डावीकडे सरकवल्यास तो −४, −४०, −४०० होतो. त्यामुळे एकच किंमत निश्चित करता येत नाही. रेषेने क्ष-अक्षाशी केलेला कोन ९०° असतो आणि ९०° ची स्पर्शिका (टॅन) अव्याख्यातच आहे.

ऐतिहासिक संदर्भ

भास्कराचार्यांनी (जन्म इ.स. १११४) 'बीजगणित' या ग्रंथात शून्य छेद असलेल्या राशीस 'खहर' म्हटले व ती अनंत मानली. 'ख' म्हणजे शून्य, 'हर' म्हणजे छेद. आजच्या बीजगणितात असा भागाकार अव्याख्यात मानतात. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापलेल्या मठाचा उल्लेख चाळीसगावजवळील पाटण येथील इ.स. १२०७ च्या शिलालेखात आहे.

नकाशावरील उदाहरण

ज्या नकाशात रेखावृत्ते सरळ व उभी दाखवतात, त्यात रेखांश क्ष व अक्षांश य मानता येतात. छत्रपती संभाजीनगर सुमारे ७५° २०′ पूर्व रेखांशावर आहे; तेथील रेखावृत्ताचे समीकरण क्ष = ७५.३३ (अंदाजे) होईल. भारतीय प्रमाणवेळेचे रेखावृत्त क्ष = ८२.५ आहे. दोन्ही रेषा समांतर असून त्यांच्यातील अंतर सुमारे ७.१७ अंश आहे. एका अंशास चार मिनिटे धरल्यास शहराची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे २९ मिनिटे मागे येते.

गुणधर्म व सामान्य चुका

* आडव्या रेषेचा चढ ० ÷ ४ = ० असतो, उभ्या रेषेचा ४ ÷ ० अव्याख्यात असतो. या दोहोंत विद्यार्थ्यांची नेहमी गल्लत होते.
* लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१ असतो, हा नियम उभ्या व आडव्या रेषांच्या जोडीस लागू होत नाही, जरी त्या परस्परांना लंब असल्या तरी.
* क्ष च्या एकाच किमतीस य च्या अनेक किमती मिळत असल्याने उभी रेषा हा य चा क्ष वर अवलंबून असलेल्या फलाचा आलेख नसतो.