सावंगी (मेघे) : बंब कोणाचा, माणसे कोणाची?

वर्धा शहराला लागून असलेल्या सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयासारखी मोठी संस्था उभी असली, तरी गावाचा कारभार ग्रामपंचायतीचा आहे. अग्निशमन हा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार नगरपालिकांचा विषय; पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत तो नाही. साहजिकच अशा गावांची भिस्त शेजारच्या शहराच्या बंबावर असते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत १० अर्भके दगावली होती, हे येथे विसरून चालणार नाही.

अमेरिकेतील खेड्यांत ही उणीव स्वयंसेवक भरून काढतात. तेथील सुमारे दोन-तृतीयांश अग्निशमन जवान स्वयंसेवकच आहेत. मात्र लहान दलांचे विलीनीकरण होऊन पगारी भरती सुरू झाली की ठिणगी पडते. पगारी जवानांच्या संघटनेला तर आपल्या सभासदांनी फावल्या वेळात दुसऱ्या दलात स्वयंसेवक होणेही मान्य नाही.

महाराष्ट्रात स्वयंसेवेची चौकट होमगार्ड (१९४६) आणि नागरी संरक्षण कायदा (१९६८) यांची. होमगार्डला वेतन नव्हे, मानधन मिळते. गाव शहरात विलीन झाले, तर ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांच्या समावेशनाचा प्रश्न निदान चर्चेला येतो. अग्निशमनाची पदे मात्र शासनमान्य आकृतिबंधानुसारच भरली जातात. तोवर विनावेतन राबलेल्या तरुणांना त्यांवर आपोआप हक्क मिळत नाही.