मोरीचं पाणी



पाणी गाळून जिवाणी विहिरीत परत सोडायची, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. पण वापरलेलं पाणीही जपून टाकायचं असतं, हे मला सासूबाईंकडून कळलं, आणि तेही उशिरा. सांडपाणी साचू द्यायचं नाही. साचलं की जीव उत्पन्न होतात, आटलं की मरतात. कोरड्या, मोकळ्या जागी पसरून टाकायचं. पाच समित्यांमधली शेवटची, उत्सर्ग समिती, ती हीच.

आमच्या परसात मोरीमागे केळी नि कर्दळ होती. (इतरांकडे अळू असे, आमच्याकडे कंद म्हणून नव्हतं.) भांड्यांना राख, कपड्यांना रिठा, केसांना शिकेकाई. पाण्यातून जायचं ते बहुतेक झाडाचंच, म्हणून माती ते पचवायची.

साठ-सत्तरच्या दशकांत धुण्याची पावडर घरोघर आली. तिच्यातला सोडा पाण्याबरोबर मातीत उतरतो. रिठ्याचा फेस कुजून जातो, सोडियम मात्र साठत राहतं आणि काळी माती घट्ट होऊन पाणी मुरेनासं होतं. आमच्याकडे तेच झालं. केळी पिवळी पडली, डबकं झालं, डास झाले. मग 1984 साली माझ्याच हट्टानं परसात फरशी घातली आणि मोरी गटाराला जोडली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. स्वतःचं लुगडं मात्र त्या शेवटपर्यंत रिठ्यानं धुवायच्या आणि ते पाणी बादलीनं कुंपणापाशी नेऊन पसरायच्या. मला तेव्हा तो हेका वाटायचा. गटार उघडंच होतं आणि त्यात पाणी कायम तुंबलेलं, हे मी पाहत नव्हते असं नाही.

त्याच काळाच्या आधी, 1950च्या दशकात, जर्मनीत केटे झाइडेल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाई लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पती लावून घाण पाणी स्वच्छ होतं का, ते तपासत होत्या. पुढे त्यातूनच खडी-वाळूचे वाफे आले. पाणी खडीच्या खालून सरकतं, वर दिसत नाही. दगडांवरचे आणि मुळांवरचे सूक्ष्म जंतू त्यातली घाण खातात. सुश्रुतसंहितेत पिण्याचं गढूळ पाणी निवळायला सात वस्तू सांगितल्या आहेत. त्यांत निवळीचं बी आहे, शेवाळाची मुळं आहेत आणि आपलं गाळायचं वस्त्रही आहे. म्हणजे मुळांवरचा हा भरवसा जुनाच.

मागच्या वर्षी फरशी उखडली. आधी खरकटं अडवायला जाळी, मग खडी, वाळू, त्यात कर्दळ. पावडर निम्म्यावर आणली. वाणसामानाच्या वहीत ते दिसतं. पाणी वर साचत नाही, डास नाहीत. पण खडीखाली जंतू आहेत, त्यांच्याच जिवावर हे चाललंय, हे मनातून जात नाही. ते तिथे राहतात, सुकून मरत नाहीत, एवढं तरी आहे.

जाळी दर चार दिवसांनी धुवावी लागते. ते पाणी मी बादलीनं कुंपणापाशी नेऊन पसरते.