सोर नगराविषयीचे भविष्य

सोर, म्हणजेच टायर, हे फिनिशियनांचे द्वीपनगर नष्ट होऊन तेथे उघडा खडक उरेल, असे भविष्य यहेज्केलाच्या ग्रंथात २६ व्या अध्यायी आहे. नगराच्या हिब्रू नावाचा अर्थही खडक असाच आहे. हा विध्वंस बाबिलोनचा राजा नबुखद्रेस्सर करील, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. जोसेफसच्या मते वेढा १३ वर्षे चालला. नगर मात्र उद्ध्वस्त झाले नाही. इ. स. पू. ५७१ च्या सुमाराच्या वचनात (अध्याय २९) यहेज्केल स्वतःच सांगतो की, सैनिकांचे खांदे सोलवटले, तरी सोरेपासून वेतन मिळाले नाही. त्याऐवजी त्यांना मिसर देश मिळेल. संकलकांनी मूळचे भविष्य खोडले नाही, ही गोष्ट लक्षणीय होय.

इ. स. पू. ३३२ मध्ये अलेक्झांडरने समुद्रात भराव घालून ७ महिन्यांत नगर घेतले. कित्येक भाष्यकार भविष्याची पूर्तता येथे पाहतात. २६ व्या अध्यायातील १२ व्या वचनात एकवचनी कर्ता जाऊन अनेकवचनी क्रियापदे येतात, हा त्यांचा आधार. तो दुबळा आहे. आधीच्या वचनांत सैन्याचा उल्लेख असता अनेकवचन स्वाभाविकच ठरते. शिवाय नगर पुन्हा वसले. प्रेषितांच्या कृत्यांनुसार पौल तेथील शिष्यांसमवेत ७ दिवस राहिला होता.