शितोमात्लची चटणी

एखादी वस्तू आपल्या मुलखात केव्हा आणि कोणाकडून आली, याचा पहिला पुरावा पुष्कळदा तिच्या नावातच दडलेला असतो. वांगे, भोपळा, काकडी ही नावे मराठीत जुनी, घरचीच वाटतात. टोमॅटोचे तसे नाही. मराठीने हे नाव जवळजवळ जसे ऐकले तसे स्वीकारले. विदर्भात 'भेदरे' हा बोलीतला शब्द आहे, तेवढाच अपवाद. बंगालीत तो 'बिलाती बेगुन' झाला, ओडियात 'बिलाती बाइगण', म्हणजे विलायतेचे वांगे. तमिळने 'तक्काळि' हा आपल्याच एका ओळखीच्या वनस्पतिकुळाचा शब्द त्याला बहाल केला. 'मणत्तक्काळि' म्हणून ओळखली जाणारी कामोणी हीदेखील त्याच कुळातली. नवख्याला कोणी परदेशी म्हणून ओळखले, तर कोणी नातेवाईक म्हणून घरात घेतले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोघांचेही बरोबर होते, कारण वांगे, कामोणी आणि टोमॅटो ही एकाच कुळातली भावंडे आहेत.

तथापि 'विलायती' हे विशेषण मात्र खरे नव्हे. हे फळ मुळात विलायतेचे नव्हतेच. त्याचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या पश्चिम अंगाला, आजच्या पेरू आणि इक्वादोरच्या परिसरात वाढतात. त्यांची फळे वाटाण्याहून फारशी मोठी नसतात. तेथून उत्तरेकडे सरकत ही वनस्पती मेक्सिकोत पोहोचली आणि तेथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिला मोठे, रसाळ फळ आणले. त्यांच्या नाहुआत्ल भाषेत 'तोमात्ल' हा रसाळ, बियाळ, गोल फळांसाठीचा शब्द होता. पापुद्र्याच्या आवरणात वाढणारे हिरवे फळ हा एक तोमात्ल. लाल फळ ते 'शितोमात्ल', ज्याचा अर्थ 'बेंबी असलेला तोमात्ल' असा लावला जातो. स्पॅनिश लोकांनी दोहोंना मिळून 'तोमाते' म्हटले आणि एका संपन्न वर्गीकरणाचा सरसकट गोळा झाला. मध्य मेक्सिकोत आजही लाल फळाला 'हितोमाते' आणि हिरव्याला 'तोमाते' म्हणतात. सारे जग जो शब्द वापरते, तो वस्तुतः दुसऱ्याच फळाचा आहे.

ज्या मातीत ही फळे वाढत ती मातीही माणसांनीच घडवलेली होती. मेक्सिकोच्या खोऱ्यातील उथळ सरोवरांत गाळ, पाणवनस्पती आणि झुडपांच्या साहाय्याने लांबट वाफे उभारले जात. त्यांना 'चिनाम्पा' म्हणतात. रोपे तयार करण्याची तेथील रीत विशेष आहे. सरोवराचा ओला गाळ पातळ थरात पसरतात, तो जरा आळला की सुरीने त्याचे चौकोनी तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यात एक बी ठेवतात. रोप वाढले की तो चौकोन तसाच उचलून वाफ्यात लावायचा. मुळांना धक्का लागत नाही. सोचिमिल्कोच्या कालव्यांत ही रीत अद्याप टिकून आहे आणि १९८७ साली युनेस्कोने त्या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. परसबागेत रोपवाटिका करणाऱ्या कोणालाही ही युक्ती आपलीशी वाटेल.

तेनोच्तित्लान हे अस्तेक राजनगर १३ ऑगस्ट १५२१ रोजी पडले. त्याच्या आदल्याच वर्षी स्पॅनिश सैन्याबरोबर आलेल्या देवीच्या साथीने तेथे असंख्य माणसे मेली होती. १५२९ साली बेर्नार्दिनो दे साहागून हा फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक तेथे आला. जिंकलेल्यांचा धर्म पुसून टाकण्यासाठी तो आधी नीट समजून घेतला पाहिजे, अशी त्याची धारणा होती. त्यासाठी तो नाहुआत्ल शिकला आणि तेथील वृद्ध जाणत्यांना प्रश्न विचारत, स्थानिक शिष्यांकडून उत्तरे लिहवून घेत त्याने बारा खंडांचा एक ग्रंथ सिद्ध केला. ग्रंथाच्या हेतूविषयी आपले मत काहीही असो, त्याच्या दहाव्या खंडात बाजार जसा जिवंत उभा राहिला आहे तसा क्वचितच कोठे सापडतो.

तेथे टोमॅटो विकणारा भेटतो. त्याच्यापाशी मोठे, लहान, हिरवे, पिवळे, गर्द पिवळे, तांबडे, लालभडक असे नाना प्रकार आहेत. सापाच्या, कोल्ह्याच्या, वाळूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाती आहेत. खोटा विक्रेता सडके, चेपलेले, घशाला ओरखडणारे फळ गिऱ्हाइकाच्या माथी मारतो, हेही नोंदवायला लिहिणारे विसरलेले नाहीत. पलीकडे तयार कालवणे विकणारी माणसे आहेत. मिरचीचे, टोमॅटोचे, भोपळ्याच्या बिया वाटून केलेले, झणझणीत, अति झणझणीत अशी त्यांची गणती चालते. मंडईत सकाळी फिरून आलेल्या कोणाही मराठी वाचकाला ही पाने परकी वाटणार नाहीत.

परंतु ही यादी केव्हा लिहिली गेली, हे ध्यानात घेतले की तिचा अर्थ बदलतो. १५४५ च्या महामारीत एकट्या त्लातेलोल्कोत दहा हजारांहून अधिक प्रेते आपण पुरली, असे साहागूनने स्वतः सांगितले आहे. ग्रंथाची अखेरची प्रत तयार होत असताना, १५७६ साली, पुन्हा तशीच साथ उसळली. त्लातेलोल्कोच्या विद्यालयात स्थानिक लेखक आणि चित्रकार ही पाने रंगवीत होते, तेव्हा बाहेर त्यांचे आप्त मरत होते. नावामागून नाव लिहिण्यातली ती चिकाटी केवळ कोशकाराची नसावी. जी माणसे ही नावे उच्चारत होती तीच नाहीशी होत असताना नावे तरी उरावीत, एवढीच त्यामागची निकड असावी. १५७७ साली राजा दुसऱ्या फिलिपने हे सारे लेखन गोळा करून स्पेनला धाडण्याचा आणि यापुढे असे काही कोणाला लिहू न देण्याचा हुकूम काढला. ग्रंथाची प्रत पुढे फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याकडे पोहोचली. आज ती तेथील लॉरेंझियाना ग्रंथालयात आहे.

योगायोग असा की, फळही त्याच घराण्याच्या दारी गेले होते, आणि ग्रंथाच्या बरेच आधी. ३१ ऑक्टोबर १५४८ रोजी कोझिमो दे मेदिचीच्या कारभाऱ्याने पिसाहून एका पत्रात टोमॅटोची टोपली सुखरूप पोहोचल्याचे कळवले आहे. वनस्पतिज्ञ माट्टिओलीने १५५४ साली या फळाला 'पोमी दोरो', म्हणजे सोन्याची फळे, असे नाव नोंदवले. पण सोने म्हटले तरी त्यावर विश्वास बसला नाही. विषारी वनस्पतींच्या कुळाशी असलेले नाते विद्वानांना अस्वस्थ करीत होते. जॉन जेरार्डने १५९७ मध्ये इंग्रजीत लिहिताना त्याला थंड आणि निःसत्त्व ठरवले. फळ आले, बी आले. ते कसे खावे हे सांगणारे लोक मात्र बरोबर आले नव्हते.

ती रीत इटलीत छापली गेली सुमारे दीड शतकानंतर. अंतोनिओ लातिनीचा पाकग्रंथ नेपल्समध्ये १६९२ ते १६९४ या काळात दोन खंडांत प्रसिद्ध झाला. नेपल्स तेव्हा स्पेनच्या अमलाखाली होते. टोमॅटो निखाऱ्यावर भाजावेत, साल काढून सुरीने बारीक चिरावेत. त्यात बारीक चिरलेला कांदा व मिरची आणि थोडी थाइमची पाने घालावीत. मीठ, तेल आणि व्हिनेगर घालून कालवावे, अशी त्यातील कृती आहे. तेल, व्हिनेगर आणि थाइम बाजूला ठेवले की उरते ती मेक्सिकोतील पाककृतीच. तिचे नाव मात्र लातिनीने 'स्पॅनिश पद्धतीचा टोमॅटो सॉस' असे दिले. नाहुआत्लमध्ये या कालवणाला 'मोल्ली' म्हणत. हा शब्द 'मोले'मध्ये आणि 'ग्वाकामोले'मध्ये टिकला. बाकी सर्वत्र त्याच्या जागी 'साल्सा' हा स्पॅनिश शब्द बसला. साल्सा म्हणजे मुळात मीठ घातलेले. जिंकणाऱ्याच्या नावाने पदार्थ जगभर गेला, आणि तो घडवणाऱ्या हातांचे नाव मागेच राहिले.

हे हात बहुतांशी बायकांचे होते. ज्वालामुखीच्या काळ्या, सच्छिद्र दगडाचा तीन पायांचा खल, 'मोल्काहेते', हे त्यांचे साधन. टोमॅटो आणि मिरची तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजायची. त्याने पाणी आटते, साखर किंचित करपते आणि आंबटपणाला खोली येते. मग आधी मीठ, लसूण, मिरची वाटायची आणि शेवटी टोमॅटो ठेचायचा. दगडाखाली पेशी चिरडल्या जातात आणि रस आत मुरतो. सुरीने ते साधत नाही. पाट्यावरची चटणी आणि मिक्सरमधली चटणी यांतला फरक आपल्याकडे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. वांग्याचे भरीत आणि मिरचीचा ठेचा यांतही हीच युक्ती आहे. दोन दूरच्या मुलखांनी दगड आणि विस्तव यांपासून एकच धडा घेतला.

आपल्याकडे मिरची आणि बटाटा पोर्तुगिजांच्या गलबतांतून आले. 'बटाटा' हा शब्दच त्याची साक्ष देतो. टोमॅटो स्वयंपाकघरात रुळायला मात्र फार वेळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज वॉटने आपल्या कोशात नोंदवले आहे, की त्याची लागवड मुख्यतः युरोपियनांसाठी होते, देशी लोकांना त्याची गोडी आता कोठे लागू लागली आहे. त्याच्या लाल रसामुळे मांसाची आठवण होते म्हणून काही सोवळ्या घरांत तो अनेक वर्षे वर्ज्य होता. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात टोमॅटो आणि बटाटा यांना आजही स्थान नाही. घराघरांत मात्र त्याचे सार झाले, कोशिंबीर झाली, आणि आता त्याच्यावाचून भाजी कशी करावी हा प्रश्न पडतो. २०२३ च्या पावसाळ्यात त्याचा भाव किलोला शंभर रुपयांपलीकडे गेला, तेव्हा हे परावलंबन सर्वांनाच जाणवले.

इकडे कारखान्यांनी रसाला बाटलीत बसवले. १८७६ साली हाइन्झने टोमॅटो केचप बाजारात आणले. १९४७ मध्ये टेक्ससमधील सॅन अँटोनिओत डेव्हिड पेस याने बाटलीबंद तिखट साल्सा विकायला आरंभ केला. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत साल्साच्या विक्रीने केचपला मागे टाकल्याची वार्ता आली. हरलेल्यांच्या चटणीने जिंकणाऱ्यांच्या बाटलीवर मात केली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण बाटलीतल्या फळाची कथा निराळी आहे. एकसारखे पिकावे म्हणून निवडलेल्या जातींत एक जनुक निकामी झालेले असते आणि त्यामुळे फळात साखर कमी भरते, हे २०१२ साली संशोधकांनी दाखवून दिले. दिसायला निर्दोष आणि चवीला पोकळ असे फळ आपण स्वतःच निवडले होते.

म्हणूनच गच्चीवरच्या कुंडीत लावलेल्या रोपाला केवळ छंद म्हणून हिणवू नये. पाऊस सरता बी पेरावे, रोपाला दिवसाचे सहा तास ऊन आणि काठीचा आधार द्यावा. पाणी नियमाने घालावे, नाहीतर फळ तडकते किंवा बुडाशी काळे पडते. रात्री फार उष्ण झाल्या की फुले गळतात, हेही ध्यानात ठेवावे. फळ झाडावर पिकू द्यावे आणि शीतकपाटात ठेवू नये, कारण थंडीने त्याचा सुगंध मरतो. उत्तम फळाच्या बिया रसासकट दोन-तीन दिवस आंबू द्याव्यात, धुऊन सावलीत वाळवाव्यात आणि पुडीवर जातीचे नाव लिहून ठेवावे. संकरित वाणाच्या बियांतून मात्र तेच फळ पुन्हा येत नाही. त्यासाठी देशी, सरळ वाणच हवा.

पुडीवर नाव लिहिणे ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. त्लातेलोल्कोच्या लेखकांनी साथीच्या छायेत तेच केले होते. त्यांची भाषा बोलणारे लोक आजही मेक्सिकोत आहेत, त्यांच्या मळ्यांत शितोमात्ल पिकतो आणि दगडी खलात वाटला जातो. आपल्या पाट्यावर टोमॅटो ठेचताना तो शब्द एकदा मनात उच्चारावा. ऋणाची एवढी तरी नोंद आपल्या स्वयंपाकघरात असावी.